‘अहो’पासून सुरुवात : बाहेरच्या कामांतल्या बोलण्याच्या नोंदी

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची वाटी १४ तारखेला बदलली. डॉक्टरांनी सहा आठवडे जिना उतरायचा नाही असं सांगितलंय, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे दळण, मंडई, इस्त्री, पासबुक, औषधं ही सगळी बाहेरची कामं माझ्याकडे आली. लग्न होऊन बावीस वर्षं नारायण पेठेत राहतेय, पण ही कामं मी कधी केली नाहीत. मी घरी बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करते. मला काही लागलं तर मोबाइलवर मागवते. बाकी घर त्यांच्या पिशवीतून चालायचं.

आज संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गिरणीवाल्याच्या नातीचा हात कसा आहे?" गिरणीवाल्याला नात आहे हेच मला माहीत नव्हतं. "इस्त्रीवाला गावाहून कधी आला? आईला बरं आहे का त्याच्या?" कपडे मिळाले म्हणजे तो आला असणार, एवढंच मला सांगता आलं. त्या काही बोलल्या नाहीत. वर्तमानपत्र उघडून बसल्या.

रात्री हिशेब मांडला. आज सहा ठिकाणी गेले आणि सहाही ठिकाणी मोबाइल पुढे करून पैसे दिले. प्रत्येक ठिकाणी बोललं ते काउंटरवरचं छोटं यंत्र, अमुक रुपये प्राप्त झाले म्हणून. मी एक पूर्ण वाक्यही बोलले नाही.

म्हणून या नोंदी. मुदत भाऊबीजेपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबर. बाहेरच्या कामाला गेले की एका तरी अनोळखी माणसाशी कामापुरत्या बोलण्याच्या पुढचं काहीतरी बोलायचं, आणि घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहिला प्रयत्न जमला नाही. औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या, हातात चुरगळलेली चिठ्ठी. मी विचारलं, "बरं नाही का कुणाला?" त्यांनी चिठ्ठी दुमडून पर्समध्ये टाकली आणि मान वळवली. विचारायला नको होतं. औषधाच्या दुकानात माणूस आपलं दुःख हातात धरून उभा असतो, आणि चिठ्ठी वाचल्यासारखं बोललं की तो उघडा पडतो. ती जागा यादीतून काढली.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "माणसाबद्दल विचारायचं नाही गं एकदम. त्याच्या पिशवीबद्दल विचारायचं."

बुधवार, २५ सप्टेंबर

दुपारपासून पाऊस असा कोसळतोय की बाहेर पडणं शक्य नाही. रस्त्यावर पाणी. घरात बसून थोडं वाचन केलं.

शिकागोतल्या लोकलच्या प्रवाशांवर निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं वागायला. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत चांगला गेला. पण असं केलं तर प्रवास कसा जाईल असं इतरांना नुसतं विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज उलटा होता, की गप्प बसणंच बरं. शेजाऱ्याला आपल्याशी बोलायची इच्छा नसणार असं जो तो धरून चालतो, म्हणून कुणीच सुरुवात करत नाही.

मला हे पटलं. पण माझ्यापुढची अडचण त्यात नाही. बाईमाणसाला नुसतं कुणाशी बोलायचं म्हणून उभं राहता येत नाही. कट्टा, पानाची टपरी, पारावरची बाकं या जागा पुरुषांनी धरलेल्या. आम्हांला हातात पिशवी लागते. पिशवी असली की अर्धा तास गिरणीच्या दारात उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. सासूबाई आठवड्यातून तीनदा दळणाला का जायच्या, एकदम सगळं दळून का आणत नव्हत्या, ते मला आत्ता कळतंय.

शनिवार, २८ सप्टेंबर

मंडई. पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा यांना मागणी आणि भाव दोन्ही चढलेले. मनोऱ्याखाली न जाता बाहेरच्या बाजूला जमिनीवर बसणाऱ्या बायकांकडे गेले. एकीपुढे अळूचे दोन ढीग होते.

हाक कशी मारावी इथेच अडले. ‘मावशी’ म्हणावं तर त्या माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या. ‘काकू’ तसंच. शेवटी सासूबाई करतात तसं केलं. त्या हाकच मारत नाहीत, वाक्य ‘अहो’नं सुरू करतात.

"अहो, यातलं वडीचं कुठलं?"

बस, एवढंच. त्यांनी एक पान उचलून माझ्या हातात दिलं, उलटं करायला लावलं आणि देठ दाखवला. काळपट देठाचं वडीला घ्यायचं, हिरव्या देठाचं फतफत्याला. मग पानाच्या मागची शीर अंगठ्यानं दाबून दाखवली, "ही लाटण्यानं चेपायची, तरच वळकटी घट्ट बसती." चिंच-गूळ किती घालता, घशाला खाजतं का, असं सगळं विचारून झालं. त्या सासवडहून येतात, पहाटे. अजून महिनाभर सीताफळं आणेन म्हणाल्या.

‘अहो’ या शब्दावर मी घरी येईपर्यंत विचार करत होते. त्याला वय नाही, जात नाही, नातं नाही. समोरच्याला मान देतो आणि कुठेही बसवत नाही. एरवी आपण अनोळखी माणसाला काका-मावशी-दादा म्हणून लगेच घरात ओढतो. त्यात माया आहेच, पण बरोबरीच्या वयाच्या बाईला ‘मावशी’ म्हणताना तिच्या कामाकडे आणि लुगड्याकडे बघून आपण ते ठरवलेलं असतं. दुकानात बसलेल्या तेवढ्याच वयाच्या बाईला आपण ‘मॅडम’ म्हणतो. हे मला आजवर दिसलं नव्हतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

या आठवड्यात मोबाइलवरून पैसे द्यायचे नाहीत, रोखच द्यायची असं ठरवलं. यूपीआय २०१६ साली आलं, आणि मी पहिल्या काही वर्षांतच पाकीट बाळगणं सोडलं होतं. सासूबाई अजून रोखीनं व्यवहार करतात. आम्ही त्यांना कितीदा शिकवायला बसलो.

आज किराणा दुकानात १४२ रुपये झाले. मी दीडशे दिले. "दोन रुपये सुट्टे द्या की." माझ्याकडे नव्हते. मागच्या आजोबांनी खिशातून दोनाचं नाणं काढलं आणि माझ्यासाठी काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, तुमचे कसे परत करू? ते म्हणाले, "मी इथेच असतो रोज सकाळी साडेनवाला." दुकानदार हसला, "असतात. बिस्किटं कुत्र्यांना." मग कुत्रे कुठले, किती, पावसात काय केलं, हे सगळं आलं. तीन माणसं पाच मिनिटं बोललो आणि मागे रांग लागली तरी कुणी कुरकुरलं नाही.

दोन रुपये देणं आहे. उद्या साडेनवाला जायचं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दोन रुपये परत केले. त्यांनी घेतले, नको वगैरे म्हणाले नाहीत, हे फार चांगलं वाटलं.

काल संध्याकाळी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आज सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायला गेले. तो उत्तर प्रदेशातला. मी सवयीनं हिंदीत सुरू केलं, तर तो म्हणाला, "आजी माझ्याशी मराठीतच बोलतात, ताई." आणि स्वच्छ मराठीत बोलू लागला. सोळा वर्षं इथं आहे. मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत, मराठी माध्यमात, आणि मराठीतलं पाठांतर तिच्याकडून तो ऐकून घेतो. आईला आता बरं आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मी इतकी वर्षं त्याला हिंदीच येत असणार असं धरून चालले होते. बरं, मी त्याच्याशी बोललेच किती? कपडे मोजायचे, आकडा सांगायचा.

सासूबाईंना आईच्या डोळ्याची बातमी दिली. आज पहिल्यांदा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

वाईट अनुभव. लिहून ठेवते, कारण हेही या कामात येतं.

एका अशिलाकडे बसनं चालले होते. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर झेंडूच्या रोपांची पिशवी होती. मी रोपांबद्दल विचारलं. दोन मिनिटं बरं चाललं. मग "मिस्टर काय करतात? दुपारी घरी एकट्याच असता का?" असं सुरू झालं आणि नंबर मागितला. मी पुढच्या थांब्यावर उतरले, दोन थांबे चालत गेले.

चूक माझी नाही, हे स्वतःला सांगायला तासभर लागला. पण एक शिकले. चालत्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि काउंटरपाशी उभ्या माणसाशी बोलणं यांत फार फरक आहे. काउंटरवर तिसरा माणूस हजर असतो. आपलं काम झालं की बोलणं आपोआप संपतं, निघताना कारण द्यावं लागत नाही. बसमध्ये निघायला वाटच नसते. यापुढे वाहनात फक्त बायकांशी.

गुरुवार, १० ऑक्टोबर

काल रात्री रतन टाटा गेले. आज सकाळपासून कुठेही गेलं तरी तोच विषय. बोलायला कारण शोधावंच लागलं नाही.

पासबुक भरायच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते. यंत्र बंद पडलं होतं, त्यामुळे वीस मिनिटं उभे होतो. ते स्वतःहूनच बोलू लागले. पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते, सगळी नोकरी तिथेच. मी म्हटलं, मग तुम्हांला आज फार वाईट वाटत असेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "एकोणनव्वदच्या संपात मी शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलो होतो. त्यांच्याविरुद्धच."

१९८९ च्या सप्टेंबरातली गोष्ट. टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते आणि शेवटी रात्री पोलिसांनी त्यांना उचललं. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे माझ्या डोक्यात नुसतं एक नाव होतं. हे त्या रात्री तिथं होते. पोलिसांच्या गाडीत चढताना एक चप्पल राहिली, आणि घरी आल्यावर बायकोनं आधी चपलेबद्दल विचारलं. हे सांगताना त्यांनी रांगेत उभ्या उभ्या डावा पाय किंचित उचलला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. पेन्शनचं पासबुक भरायला आलोय. सकाळी बातमी बघून रडू आलं. दोन्ही खरं आहे."

यंत्र सुरू झालं. त्यांनी पासबुक भरून घेतलं, चष्मा काढून शेवटची ओळ वाचली आणि गेले. शिकागोच्या त्या अभ्यासात प्रवास किती सुखाचा झाला ते मोजलं होतं. हे वीस मिनिटांचं उभं राहणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते चुकलं असतं तर माझं फार नुकसान झालं असतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

झेंडू आणि आपट्याची पानं घेताना तीन-चार जणींशी बोलणं झालं. नोंद घ्यावी असं काही नाही, पण सहज झालं. आता घसा कोरडा पडत नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

शिवाजीनगरला काम होतं, येताना मेट्रोनं मंडईला आले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा गेल्या महिन्यात २९ तारखेला सुरू झाला. मंडई स्थानक खोल आहे, सरकते जिने लांबलचक. तळाशी नऊवारीतल्या एक आजी जिन्यासमोर थांबल्या होत्या. लोक बाजूनं जात होते. "अहो, मलाही पहिल्यांदा भीती वाटली होती," म्हटलं (खरंच वाटली होती). त्यांनी माझा दंड धरला. वर येईपर्यंत बोलल्या नाहीत, पण पकड घट्ट होती. वर आल्यावर दंड सोडला नि म्हणाल्या, "जमलं की."

वाटेत त्यांना विचारलं, माहेर कुठलं? सासूबाईंचा हा ठेवणीतला प्रश्न. त्यांचं म्हणणं, बाईशी बोलणं माहेराशी नेऊन सोडलं की पुढचं तीच बोलते. त्यात आडनावही विचारावं लागत नाही. आडनाव विचारणं म्हणजे आपल्याकडे जात विचारणं असतं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. पण आजी म्हणाल्या, "माहेर व्हतं. भावानं जागा इकली." पुढे काय बोलावं मला सुचेना. त्यांनीच माझ्या पिशवीकडे बोट करून विषय बदलला.

सासूबाईंना विचारलं, अशा वेळी तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, "काही नाही म्हणायचं. पुढच्या वेळी भेटल्या की माहेराचं नाव काढायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. तू विचारतेस खूप, पण लक्षात ठेवतेस का?"

बुधवार, १६ ऑक्टोबर, कोजागिरी

कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. २३ दिवसांच्या नोंदी परत वाचल्या. बहुतेक सगळीकडे पहिलंच बोलणं आहे. सासवडच्या अळूवाल्या बाईंकडे मी पुन्हा गेले नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं होतं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना आपल्यालाच ठाऊक असलेलं ठाऊक असतं. पण तोंडओळख म्हणायला तोंड दोनदा तरी दिसावं लागतं. उरलेल्या दिवसांत नवीन माणसं कमी, जुन्यांकडे पुन्हा.

सोमवार, २१ ऑक्टोबर

काल विवरणपत्रांची २० तारीख होती. चार दिवस घराबाहेर पाऊल नाही, नोंदीही नाहीत.

आज मंडईत अळूवाल्या बाई भेटल्या. "वडी घट्ट वळली का?" हे त्यांनीच विचारलं. सीताफळं दिली, पिकलेली कुठली नि उद्याची कुठली ते वेगळं करून.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

चकलीची भाजणी. सासूबाईंनी खुर्चीत बसून भाजून घेतली माझ्याकडून : चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, एक मुगाची, धने, जिरे. डबा घेऊन गिरणीत गेले. दिवाळीची गर्दी, दहा-बारा डबे ओळीनं, झाकणांवर खडूनं नावं. पट्ट्याचा आवाज इतका की बोलायचं तर वाकून बोलावं लागतं.

माझ्यापुढच्या बाईंनी विचारलंही नाही. माझ्या डब्याचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं, मग उडदाच्या डाळीचे दोन दाणे दाताखाली धरले. "डाळ अजून एक परतणी मागत होती. चालेल, पण पहिली चकली तळून बघा. मऊ पडली तर मोहन वाढवू नका, पिठात थोडी डाळ भाजून मिसळा." मग गिरणीवाल्याला ओरडून, "भाऊ, हे गव्हावर नका टाकू हं, आधी माझी हरभऱ्याची डाळ दळा, मग यांचं." आपला नंबर नव्हता तरी त्यांनी क्रम लावून दिला आणि ज्यांचा गहू मागे गेला त्या आजोबांना "दिवाळी आहे ना हो" म्हणून समजावलं.

गिरणीवाल्यानं कापडी बाहीखालून येणारं पीठ अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं, दगड किंचित आवळला, पुन्हा चोळलं. नातीचं प्लॅस्टर निघालं. हे मी न विसरता विचारलं.

बाईंचा मुलगा बारावीला. नवरा रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा घरात मिक्सरसुद्धा लावता येत नाही. गिरणीत आलं की मोठ्यानं बोलता येतं म्हणाल्या.

बुधवार, ३० ऑक्टोबर

पहिली चकली मऊ पडली. डाळ भाजून मिसळली. दुसरी कुरकुरीत.

गिरणीत भेटून त्यांना पाच चकल्या दिल्या. तिथेच एक मोडून खाल्ली. कान लावून आवाज ऐकला आधी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मुदत परवाच संपली. पण आज सासूबाई काठी घेऊन जिना उतरल्या, त्यामुळे ही नोंद. एक एक पायरी, मध्ये दोनदा थांबून. गिरणीपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागली. इस्त्रीवाला टेबलामागून बाहेर आला. किराणावाल्यानं स्टूल रस्त्यावर आणून ठेवलं.

गिरणीत त्या बसल्या आणि तेवढ्यात भाजणीवाल्या बाई आल्या, ज्वारीचा डबा घेऊन. मी म्हटलं, "आई, या त्या. चकलीच्या."

"नाव काय यांचं?"

मला सांगता येईना. त्यांच्या मुलाचा सराव परीक्षेतला पेपर कुठला अवघड गेला ते मला माहीत आहे, नवऱ्याच्या पाळीची वेळ माहीत आहे. नाव मी कधी विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी स्टूल थोडं सरकवलं, त्यांना शेजारच्या पोत्यावर बसायला लावलं. "माहेर कुठलं तुमचं?"

"औसा. लातूरजवळ."

"आणि नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचं हो?"